आत्या राहायला गेल्या

वहिनींच्या तोंडात दिवसाचे सात-आठ तास टाचण्या असत. त्यामुळे त्या घरात बोलायचं काम बहुतेक आत्याच करत, आणि दोघींच्या वाटणीचं करत.

दोघी नणंद-भावजय. नणंद 'वहिनी' अशी हाक मारते म्हणून सगळी गल्ली एकीला वहिनी म्हणे, आणि वहिनींचा मुलगा 'आत्या' म्हणायचा म्हणून दुसरी सगळ्यांची आत्या झाली. दूधवाल्याची आणि बँकेतल्या साहेबांचीसुद्धा. घर आत्यांच्या वडिलांचं, खाली दोन खोल्या आणि वर दोन. वहिनी त्या घरात सून होऊन आल्या त्याला त्रेचाळीस वर्षं झाली होती. सासरे गेले, अकरा वर्षांपूर्वी नवरा गेला, मुलगा नोकरीपायी समुद्रापलीकडे गेला, आणि उरल्या या दोघी. आत्या चौऱ्याहत्तरच्या, वहिनी सदुसष्टच्या.

आत्यांनी लग्न केलं नाही. का नाही केलं असं कुणी विचारलंच, तर म्हणत, "लाइन बिझी होती." एकतीस वर्षं त्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये होत्या. कानाला हेडफोन लावून हजारो माणसांची बोलणी त्यांनी जोडून दिली होती. चेहरा विसरतील, पण एकदा ऐकलेला आवाज विसरायच्या नाहीत.

वहिनींचं काम नवे कपडे शिवायचं नव्हतं, आहेत ते बसते करायचं होतं. पँट आखूड करा, झिप बदला, कंबर दोन बोटं सैल करा. पुढच्या खोलीत खिडकीशी मशीन, भिंतीला उंच आरसा, आरशापुढे एक बुटकं स्टूल. गिऱ्हाईक त्या स्टुलावर उभं राही आणि वहिनी खाली बसून कड दुमडत टाचण्या लावत. माणसं वजन डॉक्टरपासून लपवतील, बायकोपासून लपवतील, वहिनींपासून लपवता यायचं नाही. कोण बारीक झालं, कोण वाकलं, कुणाचा एक खांदा खाली आला, हे त्यांना टेप लावायच्या आधीच दिसे. बोलत मात्र नसत. तोंडात टाचण्या.

तर आत्यांच्या गाऊनची कड डावीकडून खाली लोंबायला लागली, हे वहिनींनी दोन वर्षांपूर्वीच पाहिलं होतं. गाऊनमध्ये खोट नव्हती, कंबर एका बाजूला बसत चालली होती. वहिनींनी गुपचूप डावी कड अर्धा बोट उचलली. सहा महिन्यांनी आणखी अर्धा. आत्यांच्या कपाटातला एकेक कपडा असा त्यांनी दुरुस्त करून परत हँगरला लावला, आणि या कानाचं त्या कानाला कळू दिलं नाही.

जिना मात्र दुरुस्त करता येत नव्हता. झोपायच्या खोल्या वर, न्हाणीघर वर. आत्या सकाळी खाली उतरत त्या सगळा दिवसभराचा संसार एका पिशवीत घालूनच: चष्मा, गोळ्या, रुमाल, शब्दकोडं, लोकरीचे मोजे. पुन्हा वर जायला नको म्हणून. चढताना मधल्या पायरीवर बसत. वहिनींनी वर पाहिलं की म्हणत, "दमले नाहीये. विचार करत्ये."

दाताच्या दवाखान्यातून आत्या एक रंगीत पत्रक घेऊन आल्या तेव्हा वहिनी एका कोटाचं अस्तर उसवत होत्या. शहराबाहेर, जुन्या वीटभट्टीच्या जागी, निवृत्त लोकांसाठी नवी वसाहत झाली होती. सगळी घरं जमिनीलगत. दारापर्यंत उतार, आत दवाखाना, वाचनालय, बाग, जेवायचा मोठा हॉल. पत्रकावर एक पांढऱ्या केसांचं जोडपं सायकलवर बसून हसत होतं.

"ही दोघं इतकी ठणठणीत आहेत, तर तिथे कशाला मरायला गेलीत?" आत्या म्हणाल्या. वहिनी हसल्या. पण पत्रक कचऱ्यात गेलं नाही. आधी ते फ्रिजवर पडलं, मग जेवायच्या टेबलावर आलं, आणि चार दिवसांनी आत्यांच्या पिशवीत चष्म्याशेजारी जाऊन बसलं. वहिनींना काय ते कळलं.

रविवारी मुलाचा फोन आला. स्क्रीनवर त्याचं कपाळच जास्त दिसत होतं. आत्यांनी त्याला पत्रक वाचून दाखवलं, तर तो आनंदाने ओरडलाच.

"आत्या, अगं सोन्यासारखी जागा आहे! दोघी जा. दोन खोल्यांचं जोडघर मिळतं तिथे, मी चौकशी केली होती. तुम्ही तिथे गेलात की मला निवांत झोप लागेल."

"आमच्या म्हातारपणात तुझी झोप कुठून आली रे मध्येच?" आत्या म्हणाल्या. "आणि चौकशी कधी केलीस?"

तो जरा चाचरला. मग म्हणाला, "आई, तू काही बोलत नाहीयेस."

"बघून तर येऊ," वहिनी म्हणाल्या.

वसाहतीत चार दिवस राहून बघायची सोय होती. दोघी एकेक बॅग घेऊन गेल्या. व्यवस्थापिका बाई दारापर्यंत घ्यायला आल्या. तरुण होत्या, गळ्यात ओळखपत्र होतं, आणि प्रत्येक वाक्य थोडं मोठ्याने बोलायची सवय होती.

"मला ऐकू येतं हो," आत्या म्हणाल्या. "कानांवरच पेन्शन मिळवल्ये मी."

व्यवस्थापिका बाई लाजल्या आणि पुढचे चारही दिवस हळू बोलल्या. तेही वहिनींना आवडलं. खरं सांगायचं तर सगळंच आवडलं, आणि तीच पंचाईत झाली. वहिनी मनात खोट काढायचीच असं ठरवून आल्या होत्या. पडद्यांच्या कडा उलटून पाहिल्या, टाके एकसारखे, दोरा चांगल्या प्रतीचा. उशीचे अभ्रे ताठ. न्हाणीघरात धरायला दांड्या, तिथली फरशी कोरडी. सूप गरम. माळी शिष्ट नाही, डॉक्टर घाईत नाहीत. नावं ठेवायची तरी कशाला?

दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणाला त्यांच्या टेबलावर एक उंच, वाकलेले आजोबा येऊन बसले. "मीठ देता का?" म्हणाले. आत्यांचा चमचा हातातच राहिला.

"पुन्हा बोला."

"मीठ देता का?"

"सात चार दोन!" आत्या म्हणाल्या. "पावाची भट्टी! तुम्ही पहाटे गिरणीला फोन लावायचात आणि पिठाच्या गोण्यांवरून भांडायचात. पाच मिनिटं भांडून झाली की विचारायचात, मुलीचा ताप उतरला का."

भट्टीवाले आजोबा बघतच राहिले. मग त्यांचे डोळे भरून आले. गिरणीवाला त्यांचा जन्माचा मित्र होता आणि त्याला जाऊन वीस वर्षं झाली होती. त्या मुलीच्या तापाची आठवण या जगात आणखी कुणाजवळ असेल असं त्यांना स्वप्नातसुद्धा वाटलं नव्हतं.

झालं. त्या दिवसापासून आत्यांच्या टेबलाशी खुर्च्या कमी पडायला लागल्या. "माझा ओळखा", "आमचं दुकान कापडाचं होतं, आमचा ओळखा". निम्मे आवाज त्यांनी खरंच ओळखले. उरलेले ओळखले नाहीत, पण तसं कबूल केलं नाही. संध्याकाळी पाच वाजता पत्त्यांचा डाव बसे, त्यात त्या दुसऱ्याच दिवशी जाऊन बसल्या आणि तिसऱ्या दिवशी भांडल्यासुद्धा. वहिनी लांबून बघत होत्या. उतारावरून काठी टेकत झपझप येणारी ही बाई गेल्या पाच वर्षांत त्यांना दिसली नव्हती. पिशवी खोलीतच राहिली होती.

वहिनींना मात्र हात रिकामे ठेवून बसणं जमेना. बागेत बाकावर बसल्या की बोटं आपोआप कशाची तरी कड दुमडायला लागत. तिसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याला बोटीवरचे निवृत्त कप्तान आले, शर्टाची बटणं एक सोडून एक लावलेली. बोटं संधिवाताने आखडलेली. बायको होती तोवर ती लावून द्यायची, हे त्यांनी न विचारता सांगितलं. वहिनी खोलीत गेल्या, पर्समधली सुईदोऱ्याची डबी काढली, आणि दुपारपर्यंत त्या शर्टाची काजं शिवून बंद केली, वर बटणं नुसती शोभेला लावली, आणि आतून दाबून बसणारी टिचबटणं बसवली. कप्तानांनी एका हाताने शर्ट लावला. पुन्हा उघडला. पुन्हा लावला. लहान मुलाला नवी शिट्टी मिळावी तसं चाललं होतं.

संध्याकाळी खोलीबाहेर पाच जण कपडे घेऊन उभे. व्यवस्थापिका बाई आल्या आणि अवघडून म्हणाल्या, "खोलीत धंदा करायची परवानगी नाही हो आपल्याकडे. पण तुम्ही इथे आलात तर आठवड्यातून दोन तास छंदवर्ग नक्की घेऊ शकता."

"छंद नाही हो हा," वहिनी म्हणाल्या. रागाने नाही, साधंच. पण रात्रीच्या जेवणाला त्यांनी नेहमीपेक्षा एक घास कमीच खाल्ला.

घरी परतल्यावर जोडघराचा अर्ज टेबलावर येऊन पडला. आत्यांनी आपला रकाना सुवाच्य अक्षरात भरला. शेजारचा कोरा होता. वहिनी येता-जाता त्याच्याकडे बघत आणि मशीनवर जाऊन बसत. तीन दिवस असे गेले. चौथ्या दिवशी दुपारी आत्या समोर येऊन बसल्या.

"टाचण्या काढ तोंडातल्या."

वहिनींनी काढल्या.

"तुला यायचं नाहीये."

"तिथे वाईट काहीच नाही, ताई."

"ते मी विचारलं नाही. मशीनसाठी अडलंय का? त्या बाईला मी बघते. महिन्याभरात ती स्वतः तुझं मशीन उचलून आणेल."

"मशीनसाठी नाही." वहिनींनी टेबलावरचा दोरा बोटाला गुंडाळला. "मला एकदा एकटं राहून बघायचंय."

आत्यांनी खुर्ची जवळ ओढली, तेव्हा वहिनींनाच पुढे बोलावं लागलं. "माहेराहून निघाले ती थेट तुमच्या घरात आले. तिथे आम्ही पाच बहिणी एका खोलीत. इथे मामंजी, तुम्ही, हे, मग मुलगा. दिवा कधी मालवायचा, खिडकी उघडायची की लावायची, हे आजवर मी कुणाला विचारल्याशिवाय ठरवलं नाही. कुणी जुलूम केला असं नाही. पण एकदा... मरायच्या आधी एकदा घरात मी एकटी असावी, असं वाटतं."

"म्हणजे माझी अडचण होती."

"होती की," वहिनी म्हणाल्या, आणि स्वतःच दचकल्या. "आणि तुमच्यावाचून दिवसही काढला नाही कधी. दोन्ही खरं आहे."

आत्या उठल्या, जिना चढल्या, मधल्या पायरीवर न थांबता. नंतरचे दोन दिवस त्या घरात आवाज नव्हता. चहा झाला, जेवणं झाली, भांडी झाली, पण मुक्याने. वहिनींनी एका पँटचा एकच पाय आखूड केला आणि तशीच इस्त्री करून ठेवली. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं मनातल्या मनात शंभरदा स्वतःला सुनावून झालं. आणि लोक काय म्हणतील? भावजयीने म्हाताऱ्या नणंदेला तिच्याच बापाच्या घरातून बाहेर काढलं, दुसरं काय म्हणतील!

तिसऱ्या दिवशी सकाळी आत्या पिशवी घेऊन खाली आल्या आणि खुर्चीत बसायच्या आधीच बोलायला लागल्या. दोन दिवसांचं तुंबलेलं होतं.

"एका माणसाच्या घराचा अर्ज मागवलाय मी. फोन केला त्या बाईला. माझी पेन्शन पुरते त्याला, विचार करू नकोस. घर तुला हवं तितकी वर्षं तुझं, तसा कागद करून देत्ये. आणि आणखी एक. गेली दोन वर्षं तू माझ्या गाऊनची डावी कड उचलत्येस, ते मला कळत नाही असं वाटलं का तुला?"

वहिनींनी हातातली कात्री खाली ठेवली.

"मला राग आला होता," आत्या म्हणाल्या. "दोन दिवस चांगलाच आला होता. मग म्हटलं, मी तरी या बयेला कधी विचारलं? चाळीस वर्षं मीच बोलत्ये."

"लोक म्हणतील मी तुम्हाला घालवलं."

"घर माझ्या बापाचं, आणि जात्येय मी. ज्याला काही म्हणायचं असेल त्याला माझा नंबर दे."

मुलाला कळलं तेव्हा त्याने फोनवर डोकं धरलं. "म्हणजे एकीची काळजी मिटली तर दुसरीची दुप्पट!" आत्यांनी त्याला सांगितलं की काळजी करणं हा त्याला आईबापांकडून मिळालेला वारसा आहे, घरासारखा विकता यायचा नाही.

महिन्याभराने आत्या गेल्या. बरोबर मोठी खुर्ची, रेडिओ आणि वहिनींनी शिवलेले पडदे. ट्रकवाल्याने खुर्ची उलटी धरली म्हणून आत्यांनी त्याला गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं झापलं. दाराशी निरोप घ्यायची वेळ आली तेव्हा मात्र आत्यांनी नुसतीच पिशवी या हातातून त्या हातात घेतली. शेवटी आत्या म्हणाल्या, "दुधाचं सांग त्याला, आता एकच पिशवी," आणि टॅक्सीत बसल्या.

वहिनींनी दूधवाल्याला तेवढंच सांगितलं: "आत्या गेल्या. उद्यापासून एकच पिशवी." दुपारपर्यंत अर्धी गल्ली पडलेल्या चेहऱ्यांनी दारात. शेजारच्या काकूंनी तर वहिनींना मिठीच मारली. "अहो, राहायला गेल्या, राहायला!" वहिनी ओरडून सांगत होत्या. संध्याकाळी आत्यांना फोनवर हे सांगितलं, तर त्या इतक्या हसल्या की तिकडे व्यवस्थापिका बाईंनी दार ठोठावलं. "कोण कोण रडलं ते लिहून ठेव," आत्या म्हणाल्या.

पहिले काही दिवस वहिनी घरात पाहुण्यासारख्या वावरल्या. मग एका सकाळी उभ्या उभ्या ओट्याशीच जेवल्या. नंतर जेवायचं टेबल खिडकीशी ओढलं, दुसऱ्या दिवशी परत जागेवर नेलं, कारण तिथे ऊन यायचं. कुणी म्हणालं नाही 'मी सांगत होते ना'. दुपारी चार वाजता अंघोळ करून पाहिली. कापडाचे तुकडे जमिनीवर पडले तर पडू दिले. कधी कधी संध्याकाळी तोंडातल्या टाचण्या काढून मोठ्याने काहीतरी बोलायच्या, कपाटाशी किंवा इस्त्रीशी, आणि आपलाच आवाज ऐकून त्यांना नवल वाटायचं. एकटेपणाचं दडपण यायचं तेही यायचं. रविवारी दुपारी जास्त. पण ते दडपण त्यांनी स्वतः मागून घेतलं होतं, म्हणून फार बोचत नसे.

दर गुरुवारी त्या बसने वसाहतीत जात. छंदवर्ग घेतलाच नाही. कपडे गोळा करून घरी आणत आणि पुढच्या गुरुवारी नेऊन देत. यावर नियमात काही लिहिलेलं नव्हतं.

थंडीत वहिनींना ताप भरला. आत्या रोज सकाळी आठला फोन करत. त्या दिवशी वहिनींनी "बरी आहे" एवढंच म्हटलं.

"नाकातून बोलत्येस," आत्या म्हणाल्या. "आणि झोपून बोलत्येस. कधीपासून?"

"परवापासून."

फोन कट झाला. दीड तासाने खाली दाराचं कुलूप उघडल्याचा आवाज आला. आत्या टॅक्सी करून आल्या होत्या. बरोबर डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या आणि डब्यात सूप. जिन्याशी येऊन त्यांनी वर पाहिलं आणि चढायचा विचार सोडून दिला. शेजारच्या काकूंना हाक मारली, त्यांच्या हाती सूप आणि गोळ्या वर पाठवल्या, आणि स्वतः सगळ्यात खालच्या पायरीवर बसकण मारली. तिथून त्या दिवसभर वरच्या खोलीशी बोलत राहिल्या. कप्तान पत्त्यांत कशी लबाडी करतात. गिरणीवाल्याची मुलगी, तीच तापाची, आता स्वतः आजी झाली आणि परवा भट्टीवाल्या आजोबांना भेटायला आली होती. वहिनी अंगावर पांघरूण ओढून पडल्या होत्या. मध्ये मध्ये "हं" म्हणत होत्या. एकदा बराच वेळ "हं" आलं नाही, तेव्हा खालून आवाज आला, "झोपलीस का?"

"नाही."

"मग झोप," आत्या म्हणाल्या, आणि पुढे बोलत राहिल्या.

ताप उतरल्यावर वहिनींनी दोन गोष्टी केल्या. जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा बसवून घेतला, कारण आज ना उद्या ते पाय आपलेही होणार हे त्यांना कळत होतं. आणि आत्यांच्या रिकाम्या खोलीत मशीन नेलं. आरसा आणि स्टूल खालीच, गिऱ्हाइकांसाठी.

वसंतात एका मंगळवारी आत्या आल्या ते मुद्दाम कठडा बघायला. दोन्ही हातांनी धरून, एकेक पायरी मोजून त्या वर चढल्या. वहिनी मागे होत्या, हात पुढे करून, पण न लावता. आत्या आपल्या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या. पलंग होता तिथे कापायचं टेबल होतं. भिंतीला दोऱ्यांच्या रिळांची फळी. मशीन दोन खिडक्यांच्या मधोमध, आणि त्यावर पिवळं, सरळ ऊन.

"काळ्यावर काळा टाका घालते मी आता, चष्म्याशिवाय," वहिनी म्हणाल्या. "इथे इतका उजेड आहे हे मला माहीतच नव्हतं, ताई."

"मला होतं," आत्या म्हणाल्या. "म्हणून तर तुला कधी दुपारी वर बोलावलं नाही. मागितली असतीस खोली."

वहिनींनी त्यांच्याकडे बघितलं. आत्या अजिबात शरमल्या नव्हत्या. त्यांनी टेबलावरचा एक अर्धवट शर्ट उचलला, आतली टिचबटणं एकदा दाबून पाहिली आणि विचारलं, "हा कप्तानांचा ना? गुरुवारी नको आणूस. आजच दे, मीच नेते. पाचला डाव आहे आणि आज त्याला नवीन शर्टात हरवायचंय."

"कड राहिल्ये अजून."

"मग घाल की. मी बसत्ये."

वहिनींनी तोंडात टाचण्या धरल्या आणि मशीन सुरू केलं. आत्या खिडकीतल्या खुर्चीत बसल्या आणि बोलायला लागल्या.